पंधरावा जोड

दहा पाइप होते. तीन मिलिमीटर जाडीचे सहा चौकोनी पत्रे. सीटं, टप आणि बॅटरी काढून उघडी केलेली एक जीप. सीओटू वेल्डिंगचं एक मशीन, दोन ग्राइंडर, मान एकाच बाजूला वळणारा एक टेबलफॅन, पाण्याचा माठ, आणि माणसं तीन: दस्तगीरमामा शिकलगार, माझा मोठा भाऊ जिनेंद्र आणि मी. सोमवारी सकाळी साडेदहाला शिरोळ रस्त्यावरच्या मामांच्या शेडमध्ये बसून मी हे सगळं वहीत लिहून काढलं. वीज अकराला येणार होती आणि तोवर करण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

मग व्हर्नियर काढून पाइप मोजले. बाहेरचा व्यास पंचेचाळीस मिलिमीटर, भिंतीची जाडी अडीच. एका पाइपची जाडी एका टोकाला दोन पूर्णांक चार भरली. मी ते दादाला सांगितलं.

"तू काम बघायला आलीयस का पाइपाला स्थळ बघायला?" तो म्हणाला.

मामा मान खाली घालून हसले. मी तो पाइप सीटामागच्या आडव्या दांडीसाठी वापरायला सांगितलं, म्हणजे डोक्याजवळ तो नको. मामांनी काही न विचारता त्याच्यावर खडूने फुली मारली. तेव्हाच मला ते आवडले.

त्या वर्षी मी चोवीस वर्षांची होते. पदार्थविज्ञानात एम.एस्सी. झालं होतं आणि पुण्याच्या एका तपासणी प्रयोगशाळेतून पत्र यायचं होतं. दादा एकतीसचा. डोंगरातल्या, ओढ्यातल्या जीपच्या शर्यतींचं त्याला कॉलेजपासून वेड होतं. दोन वर्षांपूर्वी अशाच एका शर्यतीत ओढ्याच्या काठावरून त्याची जीप उलटली. सीटांच्या मागे नटबोल्टांनी बसवलेली एक कमान होती, ती चेपली. दादाचं गळ्याजवळचं हाड मोडलं आणि मानेला सात आठवडे पट्टा लागला. त्या सात आठवड्यांत आईने त्याला चमच्याने भात भरवला आणि शर्यतीचं नावही काढलं नाही. दादा म्हणायचा, बोलली असती तर बरं झालं असतं.

यंदा आयोजकांनी नियमच केला की उघड्या जीपला वेल्डिंगने जोडलेला पाइपांचा पिंजरा हवा. गाडी उलटली तरी आत बसलेल्याच्या डोक्यावरची जागा जशीच्या तशी राहिली पाहिजे, एवढंच त्या पिंजऱ्याचं काम. शर्यत शनिवारी होती, चंदगडच्या पुढे. गाड्यांची तपासणी शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत. आणि जूनमध्ये दादा मस्कतला नोकरीला जाणार होता. व्हिसा आला होता. जीप मिरजेच्या एका माणसाला देण्याचं ठरलं होतं. पुढचं वर्ष नव्हतंच.

आईने रविवारी रात्री जेवताना तिचं म्हणणं सांगितलं. दादाकडे न बघता, माझ्या ताटात आमटी वाढत.

"मला त्यातलं काही कळत नाही. तू शिकलीयस. तू सगळं डोळ्यांनी बघ, आणि तू चांगलं झालंय म्हणालीस तर जाऊ दे त्याला."

म्हणून मी त्या शेडमध्ये होते.

दस्तगीरमामांचा खरा धंदा उसाच्या ट्रॉल्यांचा. त्या भागातल्या निम्म्या ट्रॅक्टरांमागे त्यांच्या हातची ट्रॉली असायची. लोक ती लांबून ओळखायचे. ट्रॉलीवर जोड दिसायचाच नाही. पत्रा पत्र्याला कुठे भिडला ते रंगाखाली शोधूनही सापडत नसे. मामांच्या वडिलांचाही हाच कायदा होता म्हणे. ऊस भरणारी माणसं अनवाणी ट्रॉलीवर चढतात, दोर ओढतात, खरबरीत जोडाने तळहात फाटतो, दोर कापतो. म्हणून काम संपलं की मामा प्रत्येक जोडावरून तळवा फिरवायचे, आणि हाताला काही लागलं की पुन्हा ग्राइंडर. हे मला दादाने पहिल्याच दिवशी कौतुकाने सांगितलं. मी ते ऐकलं आणि सोडून दिलं.

काम मनासारखं चाललं. वीज अकरा ते सात. म्हणजे ऐन उन्हाचं काम. पत्र्याच्या शेडमध्ये मी थर्मामीटर टांगला होता, दुपारी तो बेचाळीस दाखवायचा. पाइप इचलकरंजीहून वाकवून आणले होते. त्यांच्या टोकांना मामा माशाच्या तोंडासारखी खाच पाडायचे, एक पाइप दुसऱ्याला असा बसवायचे की मधून कागद जाऊ नये, मग चार ठिकाणी वेल्डिंगचे टाके आणि मग जोडाभोवती पूर्ण फेरी. मी दंतवैद्याकडचा असतो तसला छोटा आरसा आणला होता. प्रत्येक जोड थंड झाला की आरसा मागे धरून, टॉर्च मारून बघायचे. कुठे भोक, कुठे फट, कुठे फेरी अर्धवट. पाइपाला पाइप असे चौदा जोड होते आणि पत्र्यांवर टेकणारे सहा पाय. बघून झालेल्या जोडाशेजारी मी खडूने बरोबरची खूण करायचे. पाचव्या आणि नवव्या जोडात मला बारीक भोकं सापडली. मामांनी ती उकरून पुन्हा भरली. नवव्याच्या वेळी ते म्हणाले की चाळीस वर्षांत एवढ्या जवळून त्यांचं काम त्यांच्या बायकोनेही बघितलेलं नाही, आणि तिला सगळ्यातच खोट दिसते.

माझी पळापळ वेगळीच होती. गॅसचा सिलिंडर संपला, मी स्कूटरवरून इचलकरंजी. वायरचं बंडल संपलं, पुन्हा इचलकरंजी. सकाळी चारला उठून आईबरोबर आमच्या पिठाच्या गिरणीतली दळणं, कारण तिकडची वीज पहाटेची. रात्री दादाबरोबर नियमांचं पुस्तक. तो थकला की चिडायचा, मी थकले की गप्प व्हायचे. बुधवारी संध्याकाळी आम्ही दोघं घरी येईपर्यंत एकमेकांशी एक शब्द बोललो नव्हतो, आणि भांडण काही झालेलं नव्हतं.

नियमांच्या पुस्तकात एकोणिसाव्या पानावर एक ओळ होती: वेल्डिंगचे जोड घासून सपाट करू नयेत. मी ती पेन्सिलीने अधोरेखित केली होती. मामांना सांगितली नव्हती. सांगायची राहिली असंही नाही. प्रत्येक जोडाच्या वेळी मी तिथेच असणार होते, मग सांगायचं काय, असं मला वाटलं होतं.

गुरुवारी दुपारी एक वाजून चाळीस मिनिटांनी चौदावा जोड झाला. मी आरशाने बघितला, खूण केली. आठशे ग्रॅम भात खाल्ल्यासारखी झोप येत होती आणि पोटात तर सकाळचा चहाच होता. शेडच्या मागे कडुनिंबाखाली रिकाम्या पोत्यांचा ढीग होता. पाच मिनिटं म्हणून मी त्याच्यावर आडवी झाले.

ग्राइंडरच्या आवाजाने जाग आली तेव्हा चार वाजत आले होते. आवाज ओळखीचा असूनही मी तशीच पडून राहिले. वेल्डिंग संपलं होतं. मग आता ग्राइंडर कशाला, हे लक्षात यायला थोडा वेळ लागला. उठून आत गेले.

मामा जीपच्या आत उकिडवे बसले होते. त्यांच्या पांढऱ्या भुवयांवर लोखंडाची काळी धूळ बसली होती. मी मोजलं. नऊ जोड सपाट झालेले. दहाव्यावर ग्राइंडर चालू. चार बाकी. माझ्या खडूच्या खुणा घासलेल्या जागांशेजारी तशाच होत्या.

मला बघून त्यांनी ग्राइंडर थांबवला, माझा हात धरला आणि तळवा सीटाच्या मागच्या कमानीवरून, जोडावरून, पुढच्या पाइपावर असा एका सरळ रेषेत फिरवला. धातू अजून गरम होता.

"लागतंय का हाताला काही?"

"नाही," मी म्हणाले.

"दादाला म्हटलं, तू झोप बाबा तासभर. हे माझ्याकडनं. तो परदेशी चाललाय, त्याच्या गाडीला जोड दिसता कामा नये."

दादा शेडच्या दुसऱ्या टोकाला खाटेवर पालथा झोपला होता.

मला माहीत होतं. ट्रॉलीचा पत्रा सहा-आठ मिलिमीटरचा, जोड आतून-बाहेरून दोन्हीकडून भरलेला. वरचा उंचवटा घासला तरी काही बिघडत नाही. पाइप अडीचचा, आतून हात जात नाही. जे काही धरून ठेवायचं ते बाहेरच्या उंचवट्यानेच. तो गेला की काय उरतं हे मला माहीत नव्हतं, पण काहीतरी गेलं हे माहीत होतं. बोलले असते तर चार जोड तरी वाचले असते. बोलले असते तर घासलेले दहा पुन्हा भरायचे, म्हणजे दोन दिवस, म्हणजे शर्यत गेली. म्हणजे दादाला उठवायचं, मामांना सांगायचं, आईला सांगायचं. त्या सगळ्यांची वाक्यं मला आधीच ऐकू आली आणि ती ऐकायचं त्राण माझ्यात नव्हतं. माझी मान दुखत होती. मला परत त्या पोत्यांवर जायचं होतं.

"छान झालंय, मामा," मी म्हणाले.

उरलेले चार जोड घासताना कोपऱ्यात उजेड पुरत नव्हता. टॉर्च मी धरला.

साडेसहाला सगळ्यावर लाल प्रायमर मारून झाला. घरी फोन केला तेव्हा आईने दोनच गोष्टी विचारल्या. झालं का? झालं. तू बघितलंस ना सगळं? बघितलं. मग म्हणाली की येताना कोथिंबीर आण.

शुक्रवारी सकाळी दहाला आई स्वतः रिक्षा करून शेडवर आली. नारळ आणि हळदीकुंकवाची पुडी घेऊन. जीप वाहून नेणारा टेंपो बाराला येणार होता. दादा दाढी करून, नवा शर्ट घालून तयार होता, त्याच्या कपाळावरच्या दोन वर्षांच्या आठ्या कुठेतरी गेल्या होत्या. मामांनी आईला खुर्ची दिली. ती बसली नाही. तिने जीपभोवती एक फेरी मारली, मग आत वाकून सीटाच्या वरच्या कमानीवर हात ठेवला. ज्या जागी डोकं येतं तिथेच. हात हळूहळू पुढे नेला.

"ह्यात जोड कुठं आहेत?" तिने विचारलं.

"सापडले तर सांगा," मामा म्हणाले. त्यांच्या आवाजात इतका आनंद होता की मी खाली बघितलं.

"हे तर एकाच पाइपाचं केल्यासारखं वाटतंय." आई माझ्याकडे वळली. "होय ना गं?"

मी सांगितलं की जोड घासायला नको होते. घासल्याने ते कमजोर झालेत. किती, ते मला माहीत नाही. पुस्तकात नियम आहे. मी काल बघितलं होतं, आणि बोलले नाही.

दादाने पहिल्यांदा पुस्तक मागितलं. एकोणिसावं पान वाचलं, पेन्सिलीची रेघ बघितली, पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं. मग तो बोलायला लागला, अगदी शांत, दमल्यासारखा. तपासणारे दिवसभरात साठ गाड्या बघतात. वर प्रायमर आहे. उद्या गाडी उलटेलच असंही नाही. दोन वर्षं त्याने वाट बघितली आहे आणि जूनमध्ये तो जाणार आहे. हे सगळं त्याने माझ्याशी न बोलता जीपच्या बॉनेटशी बोलल्यासारखं सांगितलं, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं.

मामा कमानीजवळ जाऊन जोडावरून तळवा फिरवत होते. कालच्यासारखाच, पण हात पुढे सरकत नव्हता.

"काल तर छान म्हणालीस, पोरी," ते म्हणाले.

आईने नारळ खुर्चीवर ठेवला. "टिकेल का नाही टिकणार, तेवढं सांग मला."

"माहीत नाही."

"मग माहीत करून घे. बारा वाजायला दोन तास आहेत."

मी वही उघडली. आकडे करायला दहा मिनिटं लागली, कारण दोनदा चुकले. नमुन्यासाठी पाइपाला पाइप असा एक नवा जोड करायचा आणि तसाच घासायचा, आडवा पाइप अर्धा मीटर बाहेर आलेला. त्याचं टोक खाली ओढत नेलं, तर जोड चांगला असेल तेव्हा दोनशे दहा किलोच्या आसपास पाइपच वाकायला लागेल. पिंजऱ्यात तेच व्हायला हवं. पाइप वाकला तर चालतो, वाकण्यात धक्का जिरतो. जोड उघडता कामा नये. हे मी तिघांना समजावून सांगितलं. मग म्हणाले की काय झालं तर काय करायचं, ते आधी ठरवू. आकडा बघून ठरवायचं नाही.

"ठरलं," दादा म्हणाला. "पाइप आधी वाकला तर मी जाणार. आणि मग कुणी काही बोलायचं नाही."

"आणि जोड आधी उघडला तर?" आईने विचारलं.

"तर नाही जाणार," तो म्हणाला.

पाइपाचे उरलेले तुकडे होते. अकराला वीज आली. मामांनी त्यातले दोन घेतले, एकाला खाच पाडली, बसवलं, मशीनचा आकडा तोच ठेवून टाके मारले आणि फेरी पूर्ण केली. मी आरशाने बघितलं. भोक नव्हतं, फट नव्हती. चौदांपैकी कुठल्याही जोडापेक्षा तो चांगला होता, तसं मी वहीत लिहिलं. तो थंड होऊ दिला. मग मामांनी ग्राइंडर उचलला.

दादा बाहेर टेंपोवाल्याला फोन करत होता. आई माठाजवळ. मी वजनकाटा आणायला शेजारच्या भंगारवाल्याकडे निघाले होते. दारातून मागे वळून बघितलं. दोन फेऱ्या कमी घासल्या असत्या तर कुणाला कळलं नसतं, मलाही नाही. मामा घासत होते, थांबत होते, तळवा फिरवत होते, आणि पुन्हा घासत होते. हाताला काही लागेनासं होईपर्यंत त्यांनी ग्राइंडर खाली ठेवला नाही.

भंगारवाल्याचा काटा टांगायचा होता, गोल तबकडीचा, पाचशे किलोपर्यंतचा. दुकानातल्या वीस-वीस किलोच्या दोन मापांनी मी तो तपासून घेतला. चाळीसला चाळीस दाखवत होता. शेडच्या लोखंडी खांबाला मामांनी तो जोड चार बोल्टांनी घट्ट आवळला, अर्धा मीटर पाइप हवेत. वाकलेले ॲक्सल सरळ करायला जमिनीत एक जाड कडी गाडलेली होती. कडीला चेन पुली, पुलीला काटा, काट्याला पाइपाचं टोक. पाइपाच्या वर मी एक दोरा ताणून बांधला, म्हणजे पाइप वाकला की किती ते पट्टीने मोजता येईल. सगळं लावून होईपर्यंत पावणेबारा झाले. बाहेर टेंपो येऊन उभा राहिला होता आणि त्याचं इंजिन चालू होतं.

पुलीची साखळी मामा ओढणार होते. दादाने ती त्यांच्या हातातून घेतली.

मी काट्यासमोर उकिडवी बसले आणि आकडे मोठ्याने वाचायला लागले. चाळीस. साठ. दादा प्रत्येक वेळी थांबायचा, मी पट्टी लावायचे, वहीत लिहायचे, मान हलवायचे, मग तो पुढची ओढ घ्यायचा. ऐंशी. शंभर. साखळीच्या कड्या एकेक करत पुलीतून सरकायच्या, तेवढाच आवाज. आई माझ्या मागे येऊन उभी राहिली होती. तिच्या पदराला गिरणीतल्या पिठाचा वास होता. एकशे वीस. एकशे चाळीस. मामांनी टोपी काढून हातात धरली होती. दादाच्या नव्या शर्टाची पाठ पूर्ण भिजली होती आणि त्याचा चेहरा मला दिसत नव्हता. एकशे पन्नास. त्याने साखळी दोन्ही हातांनी धरली. एकशे साठ. मी पट्टी लावली, लिहिलं, मान हलवली.

पुढची नोंद दुपारी बारा वाजून तीन मिनिटांची आहे. १६८ किलो. जोड वरच्या बाजूने उघडला. फटीची लांबी ३१ मिलिमीटर, रुंदी ४. पाइपाचा वाक शून्य.